"दोष माझ्यात आहे" असं तिनं घरात सांगून टाकलं : कोल्हापुरातल्या एका जोडप्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

राजारामपुरीत माझी समुपदेशनाची छोटी खोली आहे, एक टेबल, तीन खुर्च्या, आणि खिडकीतनं खालचा चहाचा गाडा दिसतो. त्या गाड्याचं काम पुढं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मूल होत नाही म्हणून आतनं खचलेली माणसं माझ्याकडं येतात, त्यातलं हे एक प्रकरण दोघांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं देत नाही, ती आणि तो एवढंच म्हणते.

पेठेतलं जुनं घर. खाली सासूसासरे, वरच्या मजल्यावर हे दोघं आणि धाकटा दीर-जाऊ. ती 31 वर्षांची, खाजगी शाळेत मराठी शिकवते. तो 36 चा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर सुपरवायझर. लहानपणापासनं तालमीत गेलेला, लाल मातीत वाढलेला, अंगानं अजून तसाच भरलेला. लग्नाला सहा वर्षं झालेली.

पहिली दोन वर्षं "होईल की, काय घाई आहे" यात गेली. खरं तर वर्षभर नियमित संबंध असून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात, आणि दोघांनी हा शब्द इथं महत्त्वाचा आहे, कारण यांच्या बाबतीत आधी तिची सोनोग्राफी झाली, हार्मोनच्या टेस्ट झाल्या, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघून झालं, आणि तिचं सगळं नॉर्मल आल्यावर, म्हणजे तिसऱ्या वर्षी, त्याची वीर्य तपासणी झाली. ही सगळ्यात सोपी, स्वस्त आणि काही न दुखवणारी टेस्ट, आणि तीच सगळ्यात शेवटी. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, आला एका मिलिलिटरला 6 दशलक्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा 16 दशलक्ष आहे. हालचालही कमी होती. परत तपासलं तरी तेच.

त्या दिवशी दवाखान्यातनं निघून दोघं रंकाळ्यावर बसले, तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आणि त्यानं तोंड उघडायच्या आत ती बोलून गेली, "माझ्यातच थोडा प्रॉब्लेम आहे आई." हे ठरवून नव्हतं. त्याचा चेहरा बघवला नाही म्हणून ती बोलली आणि तो गप्प बसला. पुढची तीन वर्षं घरात हेच खरं धरून सगळं चाललं.

नंतर दोन आययूआय, म्हणजे वीर्य तयार करून थेट गर्भाशयात सोडतात ते, झाले, मग सहाव्या वर्षी जानेवारीत इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू निवडून बीजात सोडतात ते. सगळं धरून 1,80,000 रुपये गेले, त्यातले 1,20,000 पतसंस्थेचं कर्ज आणि बाकीचं तिच्या पाटल्या तारण ठेवून. दिवस राहिले नाहीत. पुढच्या वेळेसाठी गोठवून ठेवायला गर्भही उरला नव्हता.

अडचण कुठं उघडी पडली

मार्चमध्ये धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. फुलांची वाडी भरलेली, हॉलमध्ये नातेवाइकांची गर्दी. ओटी भरायच्या वेळी ही नारळ आणि खण हातात घेऊन पुढं झाली, मोठी जाऊ म्हणून तिचाच मान होता. तेवढ्यात सासरची एक आत्या म्हणाली, "अगं थांब, आधी लेकुरवाळीच्या हातनं भरूया." आवाजात राग नव्हता, उलट लाडानंच बोलली, आणि तिच्या हातातला नारळ काढून घेऊन शेजारच्या बाईच्या हातात दिला. ती हसली, बाजूला झाली, फोटोतही हसतेय. तिनं मला तो फोटो दाखवला तेव्हा बोटानं स्वतःचे हात झूम करून दाखवले, नारळ गेला तरी तळवे तसेच, नारळ धरल्यासारखे.

त्यानंतर तिची झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची, बाथरूमचा नळ सोडून रडायची म्हणजे आवाज बाहेर जात नाही. शाळेत वर्गात शिकवताना मध्येच वाक्य विसरायची. मग एप्रिलमध्ये तिची थोरली बहीण तिला हाताला धरून माझ्याकडं घेऊन आली.

पहिल्या भेटीतला निर्णय

मला आधी हे बघायचं होतं की हे दुःख आहे की डिप्रेशन. मूल न होणं हे दुःखच असतं, दर महिन्याला पाळी आली की नव्यानं होणारं, आणि त्याला ना दहावा ना तेरावा, कुणी भेटायला येत नाही की कुणी समजूत घालत नाही. पण सगळं दुःख म्हणून सोडून देऊन चालत नाही. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली, 27 पैकी 17 आले, म्हणजे बऱ्यापैकी जास्त. नवव्या प्रश्नावर, तो मरणाच्या विचारांविषयीचा असतो, ती थांबली. मग मी सरळच विचारलं, मरून जावं असं वाटतं का? म्हणाली, काही करणार नाही मॅडम, पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं.

हे सरळ विचारायला घाबरू नये, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट इतके दिवस एकटीनं धरून ठेवलेलं बाहेर येतं. त्याच दिवशी आम्ही तिघींनी बसून लिहून काढलं की असं वाटलं की आधी काय करायचं, बहिणीला कुठल्याही वेळी फोन, तिनं उचलला नाही तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416, आणि त्या रात्री बहिणीकडंच झोपायचं. मग मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. तिची भीती एकच, "गोळ्या घेतल्या तर दिवस राहणार नाहीत." ही भीती खूप जणींना असते म्हणून नुसतं "काही होत नाही" म्हणून भागत नाही. तिच्या परवानगीनं मानसोपचारतज्ज्ञ आणि तिच्या गायनॅक डॉक्टर फोनवर एकमेकींशी बोलल्या, आणि मूल होण्याचे प्रयत्न चालू असताना देता येईल अशी गोळी कमी डोसनं सुरू झाली. दोन डॉक्टर आपल्याविषयी आपसात बोलल्या हे ऐकूनच तिला हायसं वाटलं होतं.

"मी रडले म्हणून टिकलं नाही का?"

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तिनं हे विचारलं. इक्सीनंतरच्या चौदा दिवसांत ती दोनदा खूप रडली होती आणि आजूबाजूचे सगळे सांगत होते की टेन्शन घेऊ नको, आनंदी रहा, टेन्शन घेतलं की राहत नाही. आता हे सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण बघा, याचा अर्थ ऐकणारीला असा लागतो की गेलं ते तुझ्यामुळं गेलं. तिच्या शरीरात दोष नसताना तो घरात तिनं स्वतःवर घेतला होता, आणि आता मनाचाही दोष तिच्याच माथी.

मी तिला सांगितलं की 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास एकत्र करून बघितले होते, 3583 स्त्रिया, आणि उपचाराआधीच्या ताणाचा आणि त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या एका फेरीत, दिवस न राहण्याचा संबंध सापडला नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली हे कागदावर लिहून द्या, आईंना दाखवायचंय. लिहून दिलं. मला अगदी मनापासून वाटतं की शरीराबाहेर गर्भ तयार करतात त्या प्रत्येक आयव्हीएफ सेंटरच्या भिंतीवर बाळांच्या फोटोंच्या शेजारी हे लिहून ठेवावं. मन सांभाळायचं ते त्या माणसासाठी सांभाळायचं, गर्भ टिकावा म्हणून नव्हे.

माझं इथं चुकलं

पहिले चार आठवडे मी तिला एकटीलाच भेटत राहिले. तो दर वेळी तिला सोडायला यायचा आणि खाली चहाच्या गाड्यावर तासभर थांबायचा. मला खिडकीतनं दिसायचा. मी एकदा विचारलं होतं, त्यांना वर बोलवायचं का? ती म्हणाली नको, त्यांना लाज वाटेल. मी ते मान्य केलं. म्हणजे घरात ती त्याला झाकत होती आणि माझ्या खोलीतही झाकतच होती, आणि मी तिला त्यात साथ दिली. आता मागं वळून बघताना वाटतं पहिल्याच फोनवर सांगायला पाहिजे होतं की दोघांनी या, एक भेट एकत्र, मग वेगवेगळ्या.

मे महिन्यात पाचव्या भेटीला वळीव आला, धो धो. गाडेवाल्यानं छत्री मिटून घेतली आणि हा भिजत वर आला. दारात उभा, पँटीतनं पाणी निथळतंय, म्हणाला, "मॅडम, बसू का जरा?" बसला आणि पाच मिनिटांनी आपणहून बोलायला लागला.

"मला आजपर्यंत कुणी इचारलंच नाही. फाइल तिच्या नावाची, पेशंट ती, डॉक्टर तिच्याशी बोलणार, मी फक्त सही करायची आणि त्या खोलीत जाऊन डबी भरून द्यायची. बाहेर चार माणसं बसलेली, सगळ्यांस्नी कळतंय आत कशाला गेलाय." मग थोडं थांबून, "तालमीतली पोरं चेष्टेत म्हणत्यात, पैलवानाच्या घरात पाळणा कधी हलायचा. मी हसतो. आणि घरात ती माझ्यासाठी बोलणी खाती. कुठल्या तोंडानं बोलू?"

ती त्याच्याकडं बघत होती. तीन वर्षांत त्यानं हे तिलाही सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं त्याला काही वाटतच नाही, आणि त्याला वाटायचं आपण बोललो तर ती अजून खचेल.

मर्दानगी आणि मूल होण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडं शिकलेल्या माणसांनाही सांगावं लागतं. छाती भरलेली, संबंध व्यवस्थित, तरी काउंट कमी असू शकतो. अंडकोष शरीराच्या बाहेर असतात ते उगीच नाही, त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, आणि हा माणूस बारा वर्षं भट्टीसमोर उभा होता, वर दिवसाला दोन पुड्या मावा. भट्टीमुळंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण उष्णता आणि तंबाखू दोन्ही शुक्राणूंना मारक आहेत हे पक्कं. मी त्याला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणं दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. त्यानं हिशोब केला, "म्हणजे आमच्या शिफ्टला साठ जण हायत, त्यात धा."

घरात काय सांगायचं : तीन पर्याय

पुढच्या तीन भेटी दोघं मिळून आले आणि बराच वेळ याच्यावर गेला.

एक, जसं आहे तसं चालू ठेवायचं. यात भांडण नाही, पण जावेचं बाळ येणार होतं, बारसं होणार, आणि प्रत्येक कार्यक्रमात तिनं बाजूला व्हायचं. मी तिला एवढंच विचारलं की हे खोटं आणखी किती वर्षं परवडेल. दुसरा पर्याय सगळ्यांना सगळं सांगायचा. तिच्या बहिणीचा जोर यावर होता, "दाजींनी सगळ्यांसमोर सांगावं." पण आजाराची माहिती ज्याची त्याची, बायकोच्या माहेरच्या दबावाखाली एखाद्यानं ती चारचौघांत सांगणं मला बरोबर वाटलं नाही. तिसरा, दोघांनी मिळून एकच वाक्य ठरवायचं, "आमच्या दोघांची ट्रीटमेंट चालू आहे, काही ठरलं की आम्हीच सांगू." यात 'दोघांची' हा शब्द आला की दोष एका माथ्यावरनं उतरतो आणि रिपोर्टही उघडा होत नाही.

तिसरा पर्याय ठरला. पण त्यानं स्वतःहून एक पाऊल पुढं टाकलं, आईला एकटीला खरं सांगायचं म्हणाला. कसं सांगू हे त्यानं माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा आवाज अडकला.

एका रविवारी सकाळी सासूबाई परातीत तांदूळ निवडत बसल्या होत्या, समोर बसून त्यानं सांगितलं, "आई, तिच्यात काय नाही. माझ्यात हाय." त्यांचं बोट तांदळात तसंच थांबलं. काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, "एवढं एकटीनं का गिळलंस गं?" पण लगेच सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी त्या एका बाबाची पुडी आणायला निघाल्या, मुलासाठी. अंबाबाईला नवस बोलायला, जोतिबाला जायला माझा कधीच विरोध नसतो, श्रद्धेनं माणसाला धीर येतो. पण ज्याच्यावर काय आहे ते लिहिलेलं नाही अशी पुडी पोटात घालायला मी स्पष्ट नको म्हणते, आणि ते त्यानंच आईला समजावलं.

बारशाला काय झालं

बाळ जूनच्या सुरुवातीला झालं, मुलगी. बारशासाठी आम्ही आधी बेत केला होता, वीस मिनिटं थांबायचं, बाळाला अंगडं-टोपडं द्यायचं, आणि नको वाटलं की तो म्हणणार "शाळेचं काम आहे" आणि दोघं निघणार. मूल नसलेल्या बाईनं प्रत्येक कार्यक्रमाला हसत गेलंच पाहिजे असं काही नाही, आणि अजिबात जायचंच नाही असंही नाही, कधी निघायचं हे तिच्या हातात असलं की जाणं जमतं.

पाळण्याखालनं बाळ द्यायची वेळ आली, गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या. एका बाजूला सासूबाई उभ्या. पलीकडं ती मघाचची आत्या सरसावली. सासूबाईंनी हिचं नाव घेऊन हाक मारली, "तू ये इकडं. मोठी आई आहेस तिची." पाचही वेळा बाळ हिच्या हातात आलं. घरी आल्यावर ती तासभर रडली, आणि मला म्हणाली, हे रडणं वेगळं होतं पण रडणंच होतं. मी ते तसंच वहीत लिहून ठेवलंय.

दुसरी सायकल करायची की नाही

पतसंस्थेचे हप्ते चालू होते. सेंटरवाले लगेच करा म्हणत होते, वय वाढतंय म्हणून. मी डॉक्टर नाही, करा किंवा नका करू असं मी सांगत नाही, पण काही प्रश्न डॉक्टरांना विचारायला दोघांना लिहून दिले. त्यातनं कळलं की शुक्राणू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात, म्हणजे आज सवय बदलली तर फरक तीन महिन्यांनी दिसणार. मेअखेर त्यानं भट्टीवरनं डिस्पॅचला बदली मागून घेतली, नाइट भत्ता गेला, महिन्याला साडेतीन हजार कमी. मावा सुटायला वेळ लागला, दोनदा परत सुरू झाला. ऑगस्टअखेर काउंट 9 आला.

डोनर शुक्राणूंचा पर्यायही बोलून झाला. तो तयार होता, तीच नको म्हणाली, आणि दोघांपैकी एकजण जरी मनातनं तयार नसेल तर तो पर्याय बंद असं आम्ही आधीच ठरवलं होतं. मग एकच सायकल अजून, नवीन कर्ज काढायचं नाही, भिशीचे पैसे येतील तेवढ्यात बसलं तर, आणि त्यानंतर काहीही होवो थांबायचं. ही मर्यादा सायकल सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून दोघांनी सही केली. आधी का, तर निकाल हातात आल्यावर माणूस "अजून एकदा" म्हणतोच.

पहिल्या वेळचा रिपोर्ट तिनं शाळेत स्टाफरूममध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ उघडून बघितला होता, आणि बेल झाली म्हणून वर्गावर जाऊन शिकवलं होतं. यावेळी लॅबला त्याचा नंबर दिला. दोघं घरी आल्यावर संध्याकाळी सातनंतर, वरच्या खोलीत, दार लावून उघडायचं. त्या दिवशीची भाकरी कोण करणार हेही ठरवलं होतं, सासूबाई म्हणाल्या मी करते.

रिपोर्ट ललिता पंचमीच्या आदल्या दिवशी आला. निगेटिव्ह. सासूबाईंनी ताट वरच आणून दिलं, काही विचारलं नाही. तिचा मला मेसेज आला, "नाही झालं. आम्ही दोघं आहोत. बहीण आली आहे. उद्या बोलते."

काय झालं आणि काय वेगळं करता आलं असतं

नोव्हेंबरमध्ये पीएचक्यू-9 चा आकडा 6 होता. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं अजून चालू आहे. पहाटेची जाग महिन्यातनं एकदोनदा, पाळीच्या आसपास, तेव्हा आता ती त्याला उठवते. बहिणीचं आणि त्याचं मात्र अजून नीट जमत नाही, तीन वर्षं गप्प बसला याचा राग बहिणीच्या मनात आहे आणि तो एका वर्षात जाईल असं मला वाटत नाही.

त्याला पहिल्या दिवसापासनं वर बोलवायला हवं होतं हे वर लिहिलंच. दुसरं, सेंटरशी मी फार उशिरा बोलले. 2021 च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्यात जोडप्याला परिणाम आणि यशाची शक्यता समजावून समुपदेशन करणं ही क्लिनिकची जबाबदारी आहे. यांच्या वाट्याला पहिल्या सायकलला दहा मिनिटं आणि एक सही आली. दुसऱ्या वेळी मी पत्र दिल्यावर त्याच डॉक्टरांनी दोघांना पाऊण तास दिला, शांतपणे सगळं सांगितलं, म्हणजे मागितलं की मिळत होतं. तिसरं म्हणजे तिनं घेतलेला तो आळ. त्यात तिचं प्रेम होतं म्हणून मी सुरुवातीला त्याला हातच लावला नाही, आपल्याकडं सोसणाऱ्या बाईचं कौतुक करायची इतकी सवय आहे की त्यात मीही सापडले.

जानेवारीत दोघांनी दत्तक घेण्यासाठी केंद्राच्या कारा पोर्टलवर नोंदणी केली. लग्नाला दोन वर्षं झालेली, दोघांची संमती, आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोघांच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते, ती यांची 68. वाट बरीच वर्षं बघावी लागेल हे त्यांना माहीत आहे. सासरे म्हणाले तुमचं तुम्ही बघा. सासूबाईंनी आधी विचारलं, कुणाचं असंल, कुठल्या जातीचं असंल? त्यावर घरात दोन आठवडे अबोला होता.

आता घर बघायला समाजसेविका येणार आहेत. परवा सासूबाईंनी मुलाला विचारलं, "त्या बाई आल्या की मी घरात थांबू का बाहेर जाऊ?"

"थांब की आई," तो म्हणाला, "तुलाबी इचारणार हायत त्या."

आमची पुढची भेट त्या येऊन गेल्यावरची ठरली आहे.